ताई, लिमिटरचा स्क्रू सोडू दिला नाहीत त्याबद्दल मनापासून थँक्यू

ताई नमस्कार,

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण मुद्दाम उघड लिहितोय. एक म्हणजे आमच्या पोरांच्या दोन्ही गाड्या नीट करून देऊनही तुम्ही पैशाचा विषय काढू देत नाही, मग आभार तरी चारचौघांत मानू द्या. आणि दुसरं म्हणजे पोरांसाठी स्वस्तातली इम्पोर्टेड एटीव्ही (मातीवर चालवायची छोटी चारचाकी मोटरसायकल) घेऊन बसलेले आमच्यासारखे आईबाप बरेच असणार, त्यांना तुमच्यासारखं कोणी भेटलं नसेल तर निदान तुम्ही काय काय केलंत ते तरी कळावं.

खोक्यातून आलेली ही गाडी म्हणजे गाडी नसते, गाडीचं सामान असतं, हे तुमचं पहिलंच वाक्य. चाकं, हँडल, बंपर घरी लावायचे असतात तेवढं सगळ्यांना माहिती असतं, पण कारखान्यातून जे लावून आलंय तेही परत बघायचं हे कोण सांगतं? दोन्ही गाड्यांचा एकेक नट तुम्ही पान्याने तपासलात, आणि जे ढिले निघाले त्यांची यादी बघून माझ्या बायकोने पोरांना हाक मारून लांब उभं केलं. चाकांचे नट, एक्सलचा मोठा नट, स्टिअरिंगच्या रॉडचे टोकाचे नट, इंजिन माउंटिंगचे बोल्ट. एक्सलच्या नटाला स्प्लिट पिन (नट निसटू नये म्हणून आरपार घालायची दुहेरी तार) आहे का आणि ती वाकवलीय का हे बघायचं, बाकी जिथे थरथर जास्त तिथे थ्रेड लॉकर (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक), पण निळा, लाल नाही, कारण लाल लावला की पुढच्या वेळी बोल्ट निघायच्या आधी त्याचं डोकं गोल होतं, आणि या गाड्यांचे बोल्ट आधीच मऊ. इंजिनात जे तेल भरून येतं ते काढून टाकायचं आणि चांगलं 10डब्ल्यू-40 घालायचं, आणि थोडं चालवून झालं की तेही परत बदलायचं, कारण या छोट्या इंजिनांत गाडीसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो, नुसती जाळी असते, नव्या इंजिनाचा बारीक चुरा तेलातच फिरत राहतो. हे तुम्ही एकदा सांगितलंत आणि पोरीने काढलेलं तेल उन्हात धरून बघितलं, आत चमचम दिसली, त्यानंतर तिला तेल बदलायची आठवण करून द्यावी लागली नाही.

टायरचा किस्सा तर मी सगळ्यांना सांगतो. हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याएवढी भरायची असं कोणालाही वाटेल, पण टायरच्या कडेला जो ठळक मोठा आकडा असतो तो बरेचदा टायर रिमवर बसवताना ओलांडायचा नाही असा आकडा असतो, चालवायचा नव्हे. चालवायची हवा बारीक अक्षरात, बहुतेक वेळा 3 ते 5 पीएसआयच्या घरात. आणि आपलं नेहमीचं गेज एवढं कमी दाखवतच नाही, त्याला कमी दाबाचं वेगळं गेज लागतं. तुम्ही ते घेऊन आलात, चारही टायर सारखे केलेत, आणि "गाडी सारखी एका बाजूला ओढते" ही पोराची तक्रार अर्धी तिथेच मिटली. उरलेली अर्धी अलाइनमेंटने मिटली, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं, पुढून काही मिलिमीटर कमी यायला हवं, आमच्या गाडीत उलटंच होतं, चाकं बाहेर बघत होती. स्टिअरिंगच्या रॉडचे लॉक नट सोडून दोन्ही बाजूंनी सारखं पिळायचं, मोजपट्टीवर होणारं काम.

पण ताई, खरे आभार आहेत ते तुम्ही जे करू दिलं नाहीत त्याचे.

पोरगा चालवायला लागला आणि त्याला गाडी स्लो वाटायला लागली. मलाही वाटायला लागली, लपवत नाही. अंगठ्याच्या थ्रॉटलच्या (म्हणजे ॲक्सिलरेटरच्या) डबीतून जो लिमिटरचा, म्हणजे वेग आवरणारा, स्क्रू बाहेर आलेला असतो, तो आत पिळला की थ्रॉटल कमी उघडतो आणि बाहेर काढला की पूर्ण, हे तर कोणीही शोधून काढेल. शिवाय सायलेन्सरच्या तोंडाशी काही गाड्यांत एक वॉशर टाकलेला असतो, तो काढला की गाडी मोकळी पळते, हेही मला कोणीतरी सांगितलेलं. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात, आणि नुसतं नाही नाही म्हणालात, पोराला गाडीवर उभं केलंत. फूटरेस्टवर उभा राहिल्यावर सीट आणि त्याच्यात चार बोटांहून थोडी जास्त जागा हवी, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना खांदा पुढे ओढला जायला नको, अंगठा थ्रॉटलपर्यंत आणि बोटं ब्रेकच्या लिव्हरवर सहज पोचायला हवीत. तो ब्रेक लिव्हरला बोटांच्या टोकांनी लटकत होता. तुम्ही म्हणालात, याचा ब्रेक आधी त्याच्या हाताला येऊ दे, मग वेगाचं बघू. लिव्हरचा आणि केबलचा ॲडजस्टर फिरवून लिव्हर जवळ आणलीत, पुढच्या दोन ड्रमचे ब्रेक एकाच वेळी धरतात का ते चाकं उचलून बघितलंत (एक आधी धरत होतं, म्हणजे जोरात दाबला असता तर हँडल हातातून फिरलं असतं), आणि मागच्या डिस्क ब्रेकच्या तेलात हवा होती ती काढलीत. स्क्रूला हातसुद्धा लावला नाहीत.

तुमच्याकडूनच कळलं की अमेरिकेत मुलांच्या एटीव्हीला वयाप्रमाणे वेगाची मर्यादा स्टँडर्डमध्येच लिहिलेली आहे आणि 2008 च्या कायद्याने ते स्टँडर्ड सक्तीचं झालं. 6 वर्षं आणि पुढच्यांच्या गाडीला लिमिटर लावून ताशी 16 किलोमीटरच्या आसपास, लिमिटर काढला तरी 24 च्या वर जाता कामा नये, 10 वर्षं आणि पुढच्यांना लिमिटरसकट 24. म्हणजे लिमिटर हा कंपनीने गंमत म्हणून घातलेला अडथळा नाही, गाडीच्या वयाचा भाग आहे तो. आपल्या लोकांना कपड्यांसारखी गाडीही वाढत्या अंगाची घ्यायची सवय, दोन वर्षं चालेल म्हणून मोठी घेतात, पण मोठ्या शर्टाच्या बाह्या दुमडता येतात, मोठ्या गाडीचं वजन दुमडता येत नाही. उलटली तर ते सगळं वजन पोरावर. पोरगी मोठी म्हणून तिला मोठी 125 सीसी घ्यायची माझी इच्छा तुम्ही तिथेच मोडून काढलीत आणि आज ती 110 वरच खूश आहे, वळणावर आतल्या बाजूला अंग झुकवायला शिकलीय, ते मोठ्या गाडीवर तिच्या वजनाला जमलंच नसतं.

तुम्ही शिकवलेली थ्रॉटलची टेस्ट मी अजून दर वेळी करतो. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, इंजिनचा आवाज जराही वाढता कामा नये. वाढला म्हणजे केबल ताणली जातेय किंवा चुकीच्या बाजूने नेलीय, वळताना गाडी आपोआप रेस होणार, आणि सहा-सात वर्षांचं पोर घाबरून अंगठा सोडायच्या ऐवजी आवळून धरतं. त्याच कारणाने आयडलिंग पण कमी, कारण या गाड्यांत सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, रेस जास्त राहिली की तो धरायला लागतो आणि गाडी कोणी न सांगता पुढे सरकते. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी पोराच्या मनगटाला किंवा जॅकेटला, हँडलला गुंडाळून नाही. गाडी लांबून बंद करायचा रिमोट आमच्या खिशात, आणि तो किती लांबून चालतो ते आधी मोकळ्या जागेत बघून घ्यायचं आणि त्याच्या पलीकडे पोरांना जाऊ द्यायचं नाही. त्या रिमोटने गाडी चालूही होते हे लक्षात आल्यावर तुम्ही जो चेहरा केलात तो मला अजून आठवतो! चावी काढून ठेवल्याशिवाय आमच्याकडे आता कोणी गाडीला हात लावत नाही.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या फटीचं सांगतो, कारण तो माझा आवडता भाग झालाय. मोठी गाडी सकाळी सुरूच होत नव्हती, बॅटरी चांगली, प्लगला स्पार्क, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, मी नवीन कार्ब्युरेटर मागवायच्या बेतात होतो. तुम्ही म्हणालात आधी व्हॉल्व्ह बघू. या 110 सीसी इंजिनांचं मूळ होंडाच्या कबच्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात, ती सुपर कब 1958 साली आली आणि तिच्या वंशातलं डिझाइन किती जणांनी उचललं त्याला गणतीच नाही, म्हणून तर याचे पार्ट कुठेही मिळतात आणि दुरुस्त करायला हे इंजिन एवढं सोपं. हेडवरची दोन गोल झाकणं उघडायची, फ्लायव्हीलवरची टी ही खूण खिडकीतल्या खुणेशी आणायची, दोन्ही रॉकर हाताने जरासे हलले पाहिजेत, नाही हलले तर अजून एक पूर्ण फेरा. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, या इंजिनांना साधारण 0.05 मिलिमीटर, आणि इंजिन थंडगार असताना. आमच्या गाडीत गेज जातच नव्हतं. व्हॉल्व्ह घट्ट म्हणजे पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन पळतं, आणि नंतर व्हॉल्व्हच जळतो. "टकटक करणाऱ्या टॅपेटची काळजी नको, गप्प बसलेल्याची करा" असं तुम्ही म्हणालात. ॲडजस्ट केलं, पहिल्या सेल्फला सुरू! कार्ब्युरेटरचे पैसे वाचले ते वेगळेच.

कार्ब्युरेटरलाही नंतर हात लावलात पण तो थोडासाच. या गाड्या लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, सेट होऊन येतात, प्लग काढला तर पांढरा, तपकिरी हवा. मिक्श्चरचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत पिळला की पेट्रोल वाढतं, आणि इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत पिळला की कमी होतं, एवढं लक्षात ठेवलं की बास. पेट्रोलच्या पाइपात स्वस्तातला एक फिल्टर टाकलात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहून जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) चिकटत नाही. चेन मी स्वतःच करतो आता, अर्धा ते एक इंच ढिली, पण चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागेवर मोजायची.

लोक विचारतात स्वस्तातली घेऊ का. माझं मत सांगतो, तुम्हाला पटेल न पटेल. ज्याला पाना धरायचा कंटाळा आहे त्याने घेऊ नये. बेअरिंग कोरडी येतात, वायरिंगचे कनेक्टर पाण्याने दगा देतात, प्लॅस्टिक थंडीत तडकतं, मॅन्युअल वाचून डोकं दुखतं. पण शनिवारची सकाळ पोरांबरोबर हात काळे करण्यात घालवायची असेल तर याहून बरी गाडी नाही, कारण यात झाकून ठेवलेलं काही नाही, सगळं उघडतं, सगळं दिसतं. पोरीला कार्ब्युरेटरचा फ्लोट म्हणजे काय ते शाळेच्या आधी तुम्ही शिकवलंत.

आणि हो, तुमचे नियम अजून जसेच्या तसे आहेत. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, पूर्ण बूट. मागे कोणी बसायचं नाही, भाऊ-बहीण असले तरी नाही, सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकायला असते. डांबरी रस्त्यावर अजिबात नाही, दहा पावलंसुद्धा नाही. पोराने का म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवून दाखवलंत, दुसरं त्याबरोबरच फिरलं, कारण मागचा एक्सल एकसंध, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नाही. मातीवर आतलं चाक घसरून वळतं, डांबरावर पकड बसते आणि गाडी सरळ जायला बघते नाहीतर उलटायला. त्याला ते एवढं पटलं की आता तो आम्हालाच टोकतो.

परवा लिमिटरचा स्क्रू तुमच्या सांगण्याप्रमाणे अर्धा फेरा सोडला, लॉक नट परत घट्ट केला, तोही त्याने ब्रेक मारून आखलेल्या रेषेच्या आत थांबून दाखवल्यावर. त्याच्या मते अजून स्लोच आहे. असू दे.

एक काम मात्र आहे ताई, पोरीच्या गाडीचं पुढचं डावं चाक वर-खाली धरून हलवलं की थोडा प्ले (ढिलेपणा) जाणवतोय, डावी-उजवीकडे हलवलं तर नाही. बेअरिंग की बॉल जॉइंट ते मला ओळखता येईना. गाडी बाजूला काढून ठेवलीय, तुम्हाला वेळ झाला की कळवा, व्हिडिओ काढून पाठवतो.

तुमचा,
दोन्ही गाड्यांचा आणि दोन्ही पोरांचा बाबा