फेंटानिलचा कायदा झाला, नायटाझिनचं काय?

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या ‘हॉल्ट फेंटानिल’ कायद्याचं स्वागत करणारा तुमचा लेख वाचला, मी न्यू जर्सीत राहतो आणि कायद्याला माझा विरोध नाही, पण एक गोष्ट लेखात राहूनच गेली. फेंटानिल म्हणजे अफूसारखं काम करणारं कृत्रिम, जहाल औषध, नशेसाठीही विकलं जाणारं. त्याचा रेणू जरासा बदलायचा, नवा माल म्हणून विकायचा आणि पोलिसांच्या हातून सुटायचं, हा खेळ बंद करायला 2018 मध्ये ही सगळी भावंडं तात्पुरती शेड्यूल वनमध्ये (अमेरिकेतल्या सर्वांत कडक बंदीच्या यादीत) टाकली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि शेवटी 16 जुलै 2025 ला ते कायमचं झालं. ठीक आहे. पण हे फक्त फेंटानिलच्या घराण्यापुरतं. नायटाझिन हे अशाच कृत्रिम औषधांचं वेगळंच कुळ, 1950 च्या दशकातलं, आणि त्यातली काही तर फेंटानिलपेक्षा जहाल, ती या कायद्यात येतच नाहीत.

नॅलोक्सोन या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याच्या स्प्रेला मात्र रेणूचं गोत्र विचारावं लागत नाही, ओपिऑइड (अफूच्या जातीचं औषध) कुठलंही असो, नाकात मारला की थांबलेला श्वास परत येऊ शकतो (नायटाझिनला कधीकधी जास्त डोस लागतो, एवढंच). आमच्या राज्यात 14 किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही ठरावीक फार्मसीत तो फुकट मिळतो, नाव-गाव न सांगता. मी घेतला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं डबा कागदी पिशवीत घालून दिला, बस्स. 2024 मध्ये अख्ख्या अमेरिकेतले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे 1 लाख 10 हजारांवरून 80 हजारांवर आले, तेव्हा हा कायदा व्हायचा होता.

– एक वाचक, न्यू जर्सी