आई, यंदाच्या शाळेत तू बस

परभणी,
२४ मे

तीर्थरूप आई आणि अण्णा,
शि. सा. नमस्कार.

अण्णा, १८ मेच्या खरीप मेळाव्याला विद्यापीठात आलात आणि बीडीएन ७११ तुरीची पिशवी खांद्यावर टाकून तसेच बसस्टँडला गेलात. लेकीचं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. ह्यांनी दोन दिवस मलाच ऐकवलं. असो. बोलायचं होतं ते राहिलं. फोनवर बोलले असते, पण फोन तुम्ही उचलता, आई मागून "पोरं बरी हायेत का इचारा" एवढंच ओरडते आणि तेवढ्यात लाईट जाते. म्हणून पत्र लिहायलेय. हे आईनं चष्मा लावून स्वतः वाचायचं. तुम्ही वाचून दाखवू नका, मधलं गाळता.

मुद्दा आधी सांगते. मृगाचा पाऊस झाला की आपल्या शिवारात मोसंबी आणि भाजीपाल्याची शेतीशाळा सुरू व्हायची आहे. नावं घेणं चालू आहे. त्यात आपल्या घरचं एक नाव जाईल आणि ते आईचं असेल.

अण्णा, राग मानू नका. तुमच्या शिकण्याला मी नावं ठेवत नाही. मेळाव्यांमधल्या पिशव्या घरात इतक्या झाल्यात की आई त्यात डाळी भरून ठेवते, पण तुम्ही नुसत्या पिशव्या आणल्या नाहीत हे मला माहीत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात अर्धी बाग वाळली, झाडं तोडून सरपणाला विकली, तेव्हा गावातल्या कितीकांनी मोसंबीचं नाव टाकलं. तुम्ही खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या चर्चासत्रांना जायला लागलात, तिथूनच कडवंची बघून आलात. त्या गावात पाणलोटाचं काम झालेलं, शेततळी झालेली, आपण टँकरच्या मागं धावत होतो तेव्हा त्यांच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. ते डोळ्यानं पाहिलंत म्हणून आपलं शेततळं झालं. कुणी हॉलमध्ये शंभरदा सांगितलं असतं तरी तुम्ही ती पाऊण एकर जमीन तळ्याला सोडली नसती.

आणि माझं म्हणणं तेच आहे. पाहून, करून जे कळतं ते बसून ऐकून कळत नाही. मी शेतकरी प्रशिक्षणाच्या कामात आहे, म्हणून हॉलमधलं रोज बघते. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू होतो. दीपप्रज्वलन, हारतुरे, चार जणांची मनोगतं. ज्याला खरंच काही माहीत आहे त्या माणसाला जेवणाआधीची वीस मिनिटं मिळतात. तो पडद्यावर औषधांची यादी लावतो, लोक मोबाईलवर फोटो मारतात. जेवणानंतर सह्या, एक फोटो, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एवढ्यावर कागदोपत्री "प्रशिक्षित शेतकरी" तयार होतो. त्या यादीत बाई क्वचित असते, कारण यादी बहुतेक वेळा सातबाऱ्यावरून निघते. बायकांसाठी म्हणून वेगळा कार्यक्रम ठेवला तर लोणची, पापड, शिलाई. त्यालाही माझी ना नाही, पण वांग्याची शेंडेअळी काय पापड लाटून मरणार आहे?

आपल्या घरातलंच घ्या. वांगी, मिरची, भेंडी, मेथी-कोथिंबीर, सगळं आईचं. रोप टाकते ती, खुरपते ती, पहाटे तोडून जुड्या बांधते ती. मोंढ्यात हराशीला तुम्ही जाता, म्हणून तिथं ओळख तुमची. मोसंबीत फवारा तुमच्या पाठीवर असतो, पण कोणत्या झाडाची पानं कधी पिवळी पडली हे तुम्ही आईला विचारता. विचारताच ना?

आई, दोन वर्षांमागं भादव्यात फळगळ झाली तेव्हा तू म्हणाली होतीस, "राती बॅटरी घेऊन गेले तर फळावर मोठाली पाखरं बसलेली." कुणी मनावर घेतलं नाही. अण्णा कृषी सेवा केंद्रातून बुरशीचं औषध घेऊन आले, ते फवारलं, गळ चालूच राहिली. तू पाहिलेलं बरोबर होतं. तो रस शोषणारा पतंग. रात्री येतो, सोंड फळात खुपसतो, रस पितो, सकाळी नाहीसा. भोकातून बुरशी शिरते, फळ सडून खाली पडतं. दिवसा बघणाऱ्याला फक्त सड दिसते, म्हणून तो रोगाचं औषध आणतो. गंमत पुढंच आहे. या पतंगाची अळी मोसंबीवर नसतेच. ती वाढते बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. कोरोनात काढ्यासाठी आख्ख्या गावानं जपलेली ती गुळवेल! म्हणजे उपाय निम्मा बांधावर आहे: वेल काढायची, पडलेली फळं रोज वेचून खोल पुरायची, फळं पिकायच्या दिवसांत संध्याकाळी बागेत धूर करायचा. आता सांगा, बांधावर कुठं कोणती वेल आहे हे घरात कुणाला ठाऊक आहे? गवताचा भारा कोण आणतं?

म्हणून म्हणते, ज्याचे डोळे रोज पिकावर असतात त्यानं शिकायला बसावं.

आता शेतीशाळा म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल फळा-खडू घेऊन बसवतील. ही रीत निघाली इंडोनेशियात, १९८९ मध्ये, भातासाठी. तिथं तपकिरी तुडतुड्यांनी भात फस्त व्हायचा. लोक जास्त फवारायचे, त्यात तुडतुडे खाणारे कोळी आधी मरायचे आणि तुडतुडे आणखी माजायचे. मग शेतकऱ्यांना हॉलमध्ये न नेता बांधावर बसवलं. हंगामभर, ठराविक दिवशी, त्याच शेतात. आपल्याकडं पोकरामध्ये, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, गावोगाव कपाशी-सोयाबीनच्या शाळा झाल्या त्या याच पद्धतीच्या.

करायचं इतकंच. एकाचं शेत ठरतं. त्यात एक तुकडा नेहमीच्या पद्धतीनं, एक नव्या शिफारशीनं. गट जमला की मोजकी झाडं निवडून पान उलटं करून बघायचं: किडी किती, किडी खाणाऱ्या मित्रकिडी किती. मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रू, एका बाजूला मित्र. मग वाद घालायचा की या आठवड्यात फवारायचं की नाही. पुष्कळदा उत्तर येतं, नको. औषध दुकानदाराच्या तोंडून हे उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

एक खेळ मला फार आवडतो. बाटलीत मावा पडलेली फांदी ठेवायची आणि ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी सोडायची. ती अळी दिसायला छोट्या सुसरीसारखी, काळी, नारिंगी ठिपक्यांची. बाया तिला बघितल्या बघितल्या चिरडतात, वाटतं हीच पीक खाते. बाटलीत ती मावा खाताना दिसली की पुढच्या वेळी कुणाचा हात उचलत नाही. मागच्या साली एका गावात एक आजी मला म्हणाली, "आगं माय, जलमभर मी आपलीच माणसं मारू लागले की!" तिला पडद्यावर चित्र दाखवून हे कळलं नसतं.

आई, तू म्हणशील मी चौथी शिकलेली, मला काय उमगतंय. वहिनीकडं बघ. ती शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जाते. उमलायच्या आधीची कळी चिमट्यानं उघडून आतलं पुंकेसर काढायचं, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग लावायचा, खूण म्हणून कळीच्या बुडाची हिरवी पाकळी कातरायची. जालन्याच्या बियाण्याचा एवढा बोलबाला आहे, पण टोमॅटो-मिरचीचं संकरित बी असं एकेका फुलाला हात लावून होतं आणि ते हात बहुतेक बायकांचे असतात. पुस्तकात हे वनस्पतीशास्त्र आहे. हजेरीच्या वहीत मात्र वहिनी "मजूर" आणि तिच्या कामाची माहिती हॉलमध्ये ऐकून येणारे "प्रगतशील शेतकरी". मला याचा राग येतो, लपवत नाही.

अण्णा, तुमच्या छातीवर एकेकाळी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता. लहानपणी मी तो फ्रॉकला लावून फिरले आहे. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, गावागावातल्या लोकांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. आपल्या घरी त्याच्यावर भाषण पुष्कळ झालं. सातबारा आहे तसाच आहे. मी वाटणी मागत नाही, गैरसमज नको. पण आईचं नाव लागलं असतं तर आज तिला शिकायला पाठवा म्हणून मला पत्र लिहावं लागलं नसतं, यादीत ते आपोआप आलं असतं. विचार करा.

धाकट्याबद्दल. शेडनेटचं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, असं वहिनी म्हणत होती. करू द्या, पण बँकेत जायच्या आधी त्याला तळेगाव दाभाडेला पाठवा. तिथं संरक्षित शेतीचं निवासी प्रशिक्षण मिळतं. सांगाडा विकणारा एजंट कधी तोट्याचा हिशेब सांगत नाही. आणि त्याचं बी.ए. अर्धवट राहिलंय त्याची खंत करत बसण्यापेक्षा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे फळबाग आणि भाजीपाला उत्पादनाचे अभ्यासक्रम बघ म्हणावं. घरचं काम सांभाळून होतात.

आता अडचणी. शाळेचा दिवस असेल तेव्हा सकाळची धार तुम्ही काढायची, अण्णा. म्हैस तुम्हाला लाथ मारते हे कारण चालणार नाही, ती सगळ्यांनाच मारते. त्या दिवशीच्या मेथीच्या जुड्या धाकटा बांधेल. आईच्या गुडघ्यांसाठी मी शाळा घेणाऱ्यांना सांगून ठेवलंय की बसायला खुर्ची लागेल आणि वेळ दुपारची नको, सकाळी आठची हवी. ते हो म्हणाले. आणि आई, तिथं सगळे गडीमाणसं असतील या धास्तीनं मागच्या रांगेत पदर ओढून बसू नकोस. मी खालच्या गल्लीतल्या काकूंनाही फोन केलाय, शेजारच्या मळ्यातली सूनबाईही येते म्हणाली. तिघी-चौघी असलात की प्रश्न विचारायला जोर येतो. नाहीतर कार्यक्रम संपल्यावर बाया गाडीजवळ येऊन हळूच विचारतात, "ताई, एक इचारू का?" आणि तोच दिवसभरातला सगळ्यात नेमका प्रश्न असतो.

दोन कामं पाऊस यायच्या आत करून ठेवा. पहिलं, बुरशी लागू नये म्हणून खोडांना बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं नको. झालं का ते बघायला घासलेलं विळ्याचं पातं बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. लावायचं त्याच दिवशी, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. डिंक्या झालेल्या झाडांचा डिंक आधी खरवडून घ्या आणि आळं दुहेरी करा, म्हणजे पाणी बुंध्याला लागणार नाही.

दुसरं, माती. दक्षिणेकडच्या तुकड्यातली पानं पिवळी, शिरा हिरव्या, आणि अण्णा तिथं युरिया ओतायलेत. मला वाटतं ती जमीन चुनखडीची आहे, तिथं लोह आणि जस्त झाडाला लागू होत नाही. मोसंबीला दहा टक्क्यांच्या वर मुक्त चुना सोसत नाही. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. फळबागेचा नमुना वरच्या वितीतला घेऊन भागत नाही. एक फूट, दोन फूट, तीन फूट, प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी. बांधाजवळची नको, शेणखताच्या ढिगाखालची नको. त्यासाठी तरी त्या मेळाव्याच्या पिशव्या कामाला येतील, आई, डाळी दुसरीकडं काढ.

पिशव्या पुढच्या शनिवारी ह्यांच्या हाती द्या, ते अंबडला येणार आहेत. मी बदनापूरच्या मोसंबी केंद्रातल्या ओळखीच्यांनाही पानांचं विचारून ठेवते.

नावासाठी आधार कार्डाची झेरॉक्स लागेल, आईची. रविवारी संध्याकाळी फोन करते. अण्णा, उचलला की आधी आईकडं द्या.

तुमची,
मोठी