हार्डविक हॉल उलगडून दाखवल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

इंग्लंडच्या डर्बीशायरमधील हार्डविक हॉल हा सोळाव्या शतकातला वाडा आम्हा मराठी मंडळींना दाखवण्यासाठी आपण सुट्टीचा अख्खा दिवस खर्ची घातलात आणि निवृत्त वास्तुविशारदाच्या नजरेने ते घर उलगडून सांगितलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

आत शिरण्याआधी आपण आम्हाला पश्चिमेच्या दर्शनी बाजूसमोर बराच वेळ उभे करून फक्त खिडक्यांची उंची पाहायला लावलीत. तळमजल्यावरच्या खिडक्या बेताच्या, पहिल्या मजल्यावरच्या त्याहून उंच आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सर्वांत उंच; खाली नोकरचाकर, मध्ये कुटुंबाचा वावर आणि वर समारंभाची दालने, ही मानाची चढती भाजणी वास्तुविशारद रॉबर्ट स्मिथसनच्या आराखड्याने बाहेरूनच मांडून ठेवली आहे, हे त्या लांबलचक दगडी जिन्यावरून वर जाताना आम्हाला उमगत गेले. काच ही चैनीची वस्तू असलेल्या १५९०च्या दशकात दर्शनी भिंतींना एवढ्या खिडक्या पेलल्या, त्याचे कारणही आपण दाखवलेत: धुराडी आतल्या भिंतींत घेतल्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या राहिल्या.

तळमजल्यावरच्या हॉलविषयी, म्हणजे प्रवेशाच्या मोठ्या दालनाविषयी, मात्र आपण सांगितले नसते, तर आम्ही तो सहज ओलांडून गेलो असतो. इंग्रजी घरांत हा हॉल दर्शनी बाजूला समांतर असे आणि त्यात एका टोकाकडून प्रवेश होई. इथे तो घराच्या मधोमध, पुढून मागे असा आडवा छेद देत जातो, आणि आराखड्याची सगळी सममिती त्यामुळेच साधते.

मालकीणबाईंचा, म्हणजे श्रूजबरीच्या काउंटेस एलिझाबेथ उर्फ बेस यांचा, स्वभावही आपण वास्तूतूनच वाचून दाखवलात. सहा मनोऱ्यांच्या माथ्यांवर दगडात कोरलेली त्यांची आद्याक्षरे दुरूनही दिसतात. लाँग गॅलरी या लांबलचक दालनातले, बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे भिंतपडदे त्यांनी हॅटन घराण्याकडून विकत घेतले, त्यांवरचे हॅटनांचे कुलचिन्ह आपल्या चिन्हाने झाकले, त्यातल्या हरिणींना शिंगे जोडून आपल्या दुसऱ्या पतीच्या कॅव्हेंडिश घराण्याचे सांबर केले आणि या खटाटोपापोटी किमतीत पाच पौंडांची सूटही मिळवली! (हा व्यवहार आमच्यातल्या गृहिणींना विशेष भावला.)

आपण वहीच्या पानावर काढून दिलेला तळमजल्याचा नकाशा आम्ही जपून ठेवला आहे. स्मिथसनने त्याआधी उभारलेला नॉटिंगहॅमचा वुलटन (Wollaton) हॉल पाहायला जाताना हा नकाशा ताडून पाहण्यासाठी सोबत नेणार आहोत. आपल्याला सवड असल्यास आपणही यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
त्या दिवशीची मराठी मंडळी