टार्गेट पॅनिकमधून बाहेर काढणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

नेम धरायची साइट नाही, तोल राखणारा स्टॅबिलायझर नाही, नुसतं लाकडी धनुष्य चालवणाऱ्यांना टार्गेट पॅनिकवर, म्हणजे नेम जुळत आला की मनाविरुद्ध बाण सुटणं किंवा हात अडकणं यावर, सल्ले भरपूर मिळतात. मन शांत ठेव, श्वासाकडे बघ, स्वतःवर विश्वास ठेव. तुम्ही यातलं काही सांगितलं नाहीत. लिम्बवर (धनुष्याच्या लवणाऱ्या भुजेवर) चिकटवायचा एक छोटा क्लिकर, म्हणजे खेच पूर्ण झाली की टिक वाजवणारं साधन, दिलात, हातभर दोरी दिलीत आणि ते कोणत्या क्रमाने वापरायचं हे कागदावर लिहून दिलंत. त्यासाठी हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण क्लिकर विकत घेऊनही बाण आधीच सुटतो अशी तक्रार करणारे तिरंदाज नेहमी भेटतात. त्यांच्याकडे वस्तू असते, तुमचा क्रम नसतो.

पहिले आभार निदानाचे. बाणाचं टोक मध्याजवळ आलं की बोटं सुटतात, असं हजारो वेळा झालं की डोळ्यासमोरचं चित्र आणि बोटांचं सुटणं यांची गाठ पक्की होते. मग चित्र पुरतं जुळायचीही गरज उरत नाही, नुसत्या चाहुलीने हात सुटतो. कुणाचा बाण अँकरला, म्हणजे खेचणारा हात चेहऱ्यावर टेकवायच्या ठरलेल्या जागी, पोचण्याआधीच जातो. कुणाचं टोक मध्याच्या खाली अडकतं आणि वर सरकतच नाही, कारण वर गेलं की सुटणार हे शरीराला ठाऊक असतं. कुणाचा खांदा ऐन वेळी झटका देतो. तिघांना तीन वेगळे आजार आहेत असं वाटतं. तुम्ही तिघांना एकच उपाय दिलात आणि तो का एकच आहे तेही समजावलंत. नेम धरणं आणि बाण सोडणं हे दोन निर्णय एकाच क्षणी एकाच डोक्यात भांडतात. सोडण्याची वेळ डोळ्यांकडून काढून घेतली की भांडण थांबतं. क्लिकर एवढंच करतो.

धनुष्य हलकं करायला लावलंत ते अनेकांना पटलं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं काही जमलंच नसतं. पूर्ण खेचीवर सात-आठ सेकंद न थरथरता थांबता येत नसेल, तर क्लिकची वाट बघणार कशाच्या जोरावर? 45 किंवा 50 पौंडांचं (म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य बाजूला ठेवून 25 ते 30 पौंडांवर यायचं, ही तुमच्या कागदावरची पहिली ओळ होती. तिला पर्याय दिला नव्हतात, ते योग्यच केलंत.

ऑलिम्पिक रिकर्व्हवर (साइट लावलेल्या स्पर्धेच्या धनुष्यावर) क्लिकरची पाती रायझरला, म्हणजे मधल्या मुठीच्या भागाला, स्क्रूने बसते आणि बाणाचं टोक तिच्याखालून निसटलं की टिक होतं. शेल्फवरून (मुठीवरच्या खाचेवरून) बाण सोडायच्या लाकडी धनुष्यावर तसा स्क्रू नसतो, आणि सरकणाऱ्या टोकाकडे नजर जाते ती वेगळीच. म्हणून लिम्बवरचा क्लिकर: लिम्बच्या आतल्या बाजूला, रायझरच्या जवळ चिकटवलेली स्प्रिंगची पत्री आणि तिच्यापासून प्रत्यंचेपर्यंत सैल दोरी. खेच पूर्ण झाली की दोरी ताणली जाते, पत्री वाकते, टिक. तुम्ही खालच्या लिम्बवर बसवायला सांगितलंत, म्हणजे दोरी नजरेआड राहते. आवाज बारीक असला तरी धनुष्याच्या मुठीतून हाताला जाणवतो.

बसवण्याच्या तुमच्या सूचना इथे मुद्दाम उतरवतो, कारण विकतच्या पाकिटात त्या असतातच असं नाही. लिम्ब स्पिरिटने पुसून कोरडं करायचं. पत्री चिकटवून पूर्ण एक दिवस धनुष्याला हात लावायचा नाही, नाहीतर पहिल्याच ताणाला ती निखळते. दोरी विणलेल्या पॉलिस्टरची. नायलॉन ताणला जातो, ओला झाला की आणखीच, आणि क्लिकची जागा हलते. दोरीच्या प्रत्यंचेवरच्या फासाच्या वर आणि खाली सर्व्हिंगच्या (प्रत्यंचेवर गुंडाळायच्या) धाग्याचे घट्ट वेढे हवेत, म्हणजे फास सरकणार नाही. फास नॉकिंग पॉइंटपासून (प्रत्यंचेवर बाण अडकवायच्या जागेपासून) फार लांब बांधला तर इंचभर खेचीला दोरी फारच थोडी हलते, मग दोरीतला दोन मिलिमीटरचा फरकही क्लिक भलतीकडे नेतो. फार जवळ बांधला तर दोरी लांब होते आणि बाण सुटल्यावर लिम्बवर फटके मारते. मधली जागा प्रत्येकाला स्वतःच्या धनुष्यावर शोधावी लागते. दोरी आखूड केली की क्लिक लवकर येतो, लांब केली की उशिरा. हे उलट लक्षात ठेवणारे बरेच असतात.

क्लिक नेमका कुठे यावा, यासाठी तुम्ही दोघांनी मिळून करायची पद्धत दिलीत. अंग गरम झाल्यावर बट्रेसकडे (बाण रुततात त्या जाड फळीकडे) तोंड करून, बाण लावून, आठ-दहा वेळा पूर्ण खेच घ्यायची आणि न सोडता उतरवायची, म्हणजे प्रत्यंचा सावकाश परत जागेवर न्यायची. साथीदाराने बाजूला उभं राहून, टोकाच्या पुढे कधीही न येता, धनुष्याच्या पुढच्या कडेशी बाणावर खूण करायची. खुणा एक सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरल्या तर क्लिकर अजून बसवायचाच नाही, आधी अँकर पक्का करायचा. ही अट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. हलत्या अँकरवर क्लिकर लावणारा माणूस रोज दोरी बदलत बसतो आणि दोष उपकरणाला देतो. खुणा एकत्र आल्या की त्यांच्या मधल्या जागेपासून पाच-सहा मिलिमीटर जास्त खेचीवर क्लिक. इंचाला खेचीचा भार साधारण 2 ते 3 पौंडांनी वाढतो, म्हणजे या शेवटच्या सरकण्याला अर्धा-पाऊण पौंडच जास्त लागतो. तो पाठीने द्यायचा, बोटांनी नाही.

आता त्या क्रमाबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

पहिल्या टप्प्यात बाण सुटतच नाही. अँकर, मग पाठीने सावकाश खेच चालू, मनात एकच शब्द: खेच, खेच, खेच. क्लिक आला की एक आकडा मोजायचा आणि उतरवायचं. उतरवताना काही प्रकारांत दुसरा टिक ऐकू येतो, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. एका सत्रात वीस-पंचवीस वेळा, बस. कंटाळवाणं आहे, आणि बरेच जण इथेच पळून जातात. पण शरीराला इथे एक नवी गोष्ट कळते: पूर्ण खेचीवर पोचूनही काही न सोडता परत येता येतं. टार्गेट पॅनिक झालेल्या माणसाला हीच गोष्ट शक्य वाटत नाही. बाण न लावता सराव करणाऱ्यांसाठी तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलं होतंत की रिकामी प्रत्यंचा चुकूनही सोडायची नाही, लिम्ब तडकतात. म्हणून आम्ही बाण लावूनच आणि बट्रेससमोरच हे करतो.

दुसऱ्या टप्प्यात 2 ते 3 मीटरवरून कोऱ्या बट्रेसवर, कागद न लावता. क्लिक, मग एक क्षण, मग सोडणं. आणि इथे तुम्ही ती गोष्ट घातलीत जी आम्ही दुसरीकडे फार कमी पाहिली. मागे उभा राहिलेला साथीदार क्लिकनंतर ‘सोड’ किंवा ‘उतर’ म्हणतो, कोणत्याही क्रमाने. तीनातला एक तरी बाण उतरवायला लागतो. यामागचं कारण तुम्ही स्पष्ट लिहिलंत. क्लिक ऐकताच सोडायची सवय लावली तर सुरुवातीला चमत्कार झाल्यासारखं वाटतं. काही आठवड्यांनी जुनी गाठ चित्रावरून आवाजावर सरकते आणि कान क्लिकची चाहूल घ्यायला लागतात. मग बाण पुन्हा आधी सुटतो, फक्त आता क्लिकच्या आधी. ज्यांना पॅनिक कधी झालंच नाही त्यांनी क्लिकवर लगेच सोडावं, ऑलिम्पिक रिकर्व्हवर ती रीतच आहे. आमच्यासारख्यांसाठी मात्र क्लिक म्हणजे ‘खेच पूर्ण आहे’ एवढीच बातमी. सोडायचं की नाही, हे त्यानंतर ठरतं.

पुढचे टप्पे लवकर होतात. मोठा कोरा कागद, मग त्यावर बोटभर ठिपका 5 मीटरवर, मग दोन-दोन मीटर मागे. एका सत्रात दोनदा क्लिकआधी बाण गेला तर एक पायरी खाली, वाद नाही. पाच-सहा सेकंदांत क्लिक आला नाही तर उतरवायचं, ओढाताण करायची नाही.

खोट्या क्लिकचा परिच्छेद सगळ्यांनी वाचावा. दमल्यावर खेच आखूड होते आणि क्लिक येत नाही. मग माणूस मनगट वाकवतो, बोटं वळवतो, धड मागे झुकवतो, आणि क्लिक मिळवतो. कान खूश, बाण उजवी-डावीकडे. ओळखायची खूण तुम्ही दिलीत: मागून चित्रण करून बघा, क्लिकच्या क्षणी कोपर पाठीकडे फिरलं का? फिरलं नसेल तर तो क्लिक मोजायचा नाही. आणि अशा वेळी दोरी आखूड करण्याचा मोह टाळून सराव थांबवायचा. दमलेल्या खेचीला जुळवलेला क्लिकर दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने अँकरच्या आधीच वाजतो.

ज्यांना बेअरबो (साइटशिवायच्या धनुष्याच्या) गटात उतरायचंय त्यांच्यासाठी तुम्ही वेगळी टीप जोडलीत तिचेही आभार. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांत रिकर्व्ह गटाला क्लिकरसारखा खेच दाखवणारा एक निर्देशक चालतो, विजेवरचा नसला म्हणजे झालं. बेअरबोला मुळीच चालत नाही. त्यामुळे क्लिकर काढल्यावर त्याची जागा घेणारं काहीतरी आधीपासून सोबत तयार करावं लागतं. तुम्ही सुचवलंत बाणाच्या पिसाची कडा नाकाच्या शेंड्याला लागणं. क्लिकर असतानाच दोन्ही एका वेळी जुळवायचे, क्लिक आणि पीस. मग एक बाण क्लिकरने आणि दुसरा, दोरी प्रत्यंचेवरून सोडवून, फक्त पिसावर. पिसाला आवाज नाही, म्हणून तिथे थांबणं अवघड जातं आणि मनातलं ‘खेच, खेच’ जास्त लागतं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात क्लिकर काढणाऱ्यांचे हाल होतात. महिना-दीड महिना आधी सुरुवात करा असं आम्ही आता सगळ्यांना सांगतो.

तुमच्या कागदाच्या प्रती नव्या लोकांना देतो तेव्हा त्यात एक भर घातली आहे, ती तुमच्या कानावर घालायची होती. सगळे टप्पे पार झाल्यावरही दर सरावाचे पहिले सहा बाण क्लिकनंतर उतरवायचेच, असं आम्ही शेवटी लिहिलं आहे. जुनी सवय गरम होण्याच्या वेळेतच डोकं वर काढते असं आमचं निरीक्षण आहे. सहाचे चार केले तरी चालेल असं काहींना वाटतं. तुमचं मत कळवलंत तर पुढच्या प्रतीत तसा बदल करू.

मनापासून आभार मानतो.

आपले,
पारंपरिक धनुष्यावर सराव करणारे तुमचे विद्यार्थी