उत्तर आलं, पण कसं आलं?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कोड्याचा फोटो मिळाला. सगळी घरं भरलेली पाहून फार आनंद झाला. बंगळुरूला गेल्यावर 'द हिंदू'मधलं क्रिप्टिक, म्हणजे फसव्या क्लूंचं इंग्रजी शब्दकोडं, तू इतक्या मनापासून सोडवायला लागशील असं वाटलं नव्हतं. पण खाली लिहिलं आहेस, "आई, दोन-तीन उत्तरं बसली, पण कशी ते कळलं नाही." ती उत्तरं अजून सुटलेली नाहीत, बाळा. घर भरलं म्हणजे कोडं सुटलं, हे साध्या शब्दकोड्यात चालतं. क्रिप्टिकमध्ये उत्तर का आलं हे शब्द न् शब्द सांगता यायला हवं.

इंग्रजी क्लू मला मराठीइतके मनात रुजत नाहीत, म्हणून तुला समजावायला मी स्वतःच एक रचला:

'का' न विचारता दिलेलं कारण? युद्ध! (2)

पहिल्यांदा वाचलं की मन थेट राजकारणात शिरतं. कोण लढलं, कशासाठी लढलं, याचा विचार सुरू होतो. रचणाऱ्याला तेच हवं असतं. तू वाक्याचा अर्थ बाजूला ठेव आणि शब्द सुटे बघ. क्लूमध्ये दोन गोष्टी असतात: एक सरळ अर्थ आणि एक अक्षरांचा खेळ. अर्थ नेहमी एका टोकाला सापडतो, सुरुवातीला किंवा शेवटी. इथे तो शेवटी आहे: युद्ध. उरलेल्या भागात 'कारण' हा शब्द आहे आणि त्यात 'का' नको असं सांगितलं आहे. 'का' काढला की उरतं 'रण'. कंसात सांगितलेली दोन अक्षरं, आणि रण म्हणजे युद्ध. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह नुसती दिशाभूल करतात, त्यांच्याकडे बघायचंच नाही.

दोन वेगळ्या वाटांनी तू एकाच शब्दापाशी पोचलीस. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उत्तर बघायची गरज उरत नाही. या कोड्यांचं मला सगळ्यात आवडतं ते हेच. बरोबर आहे का, हे कुणाला विचारावं लागत नाही. आणि तुझं 'बसलेलं' उत्तर? आडव्या-उभ्या अक्षरांत जमतं म्हणून भरलेला शब्द चुकीचाही असू शकतो, त्याचं स्पष्टीकरण सापडेपर्यंत तो पेन्सिलीनेच लिहावा.

अजून दोन देते. "महान दीपकाच्या पोटातून वाहते ती (2)." 'पोटातून' म्हटलं की शब्दांच्या आत बघायचं: महा-न दी-पका. नदी. दुसरा, "वेडंवाकडं सरकत केलेला व्यायाम (4)." 'वेडंवाकडं' ही अक्षरं विस्कटायची खूण आहे. स, र, क, त ही अक्षरं हलवली की कसरत. इंग्रजीत अशा खुणेचे शब्द शेकड्याने आहेत: मोडलेलं, नाचणारं, दारू प्यायलेलं, शिजवलेलं. त्यांची यादी पाठ करू नकोस. गडबड, गोंधळ, बदल सुचवणारा कुठलाही शब्द दिसला की शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजून बघ.

मराठीत हा खेळ थोडा वेगळा होतो. इंग्रजीत एका घरात एकच सुटं अक्षर, त्यामुळे स्वर-व्यंजनांची हवी तशी उलथापालथ करता येते. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं. काहींना ही अडचण वाटेल, मला वाटत नाही. काना तोडून हलवायचा नाही हा नियम मी तरी पाळते, कारण मग उलटापालट कानालाही ऐकू येते. वाल्या कोळ्याचं 'मरा मरा' उलटून 'राम' झालं, ते अख्ख्या अक्षरांमुळेच.

या कलेचं घर मात्र इंग्लंड. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्रात 1926 पासून टॉर्केमाडा या नावाने कोडी येऊ लागली, त्याच्यानंतर झिमेनीस, आणि 1972 पासून एझेड. पहिली दोन नावं लोकांना पाखंडी ठरवून छळणाऱ्या स्पेनच्या धर्मन्यायपीठाच्या प्रमुखांची. एझेड इंग्रजी अक्षरांत (Azed) उलटं वाचलंस तर डेझा (Deza), तोही त्याच पदावरचा. पण नावं छळवाद्यांची असली तरी नियम न्यायाचा होता. 'अफ्रित' नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी तो 1949 मध्ये मांडला. रचणाऱ्याच्या बोलण्याचा वरवर दिसणारा अर्थ त्याच्या मनात असेलच असं नाही, पण त्याच्या मनात जे आहे ते शब्दांत उतरलेलंच असलं पाहिजे. म्हणजे फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही.

आता 'अराकॅरिया' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्यांबद्दल. खरं नाव जॉन ग्रॅहम, धर्मोपदेशक. 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकासाठी त्यांनी 1958 पासून कोडी रचली. जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, त्यांच्या एका कोड्याच्या वर सूचना छापून आली: अराकॅरियाला 19 चा 18 झाला आहे आणि त्यावर 13-15 चे उपचार चालू आहेत. हे आकडे त्याच कोड्यातल्या क्लूंचे. सोडवणारे घरं भरत गेले. 18 म्हणजे कॅन्सर. 19 म्हणजे अन्ननलिका. 13 आणि 15 मिळून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्यासाठी नव्हे तर त्रास कमी करण्यासाठी दिले जाणारे उपचार. ज्यांच्याशी त्यांचं वर्षानुवर्षांचं नातं फक्त चौकटीतून होतं, त्यांना त्यांनी ही बातमी चौकटीतूनच दिली, त्यांच्याच गतीने, एकेक अक्षर उलगडत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. शब्दांचा इतका आदर करणारा निरोप मला दुसरा माहीत नाही.

आता तुझ्या फोटोतल्या न कळलेल्या उत्तरांकडे परत जा. एकेका क्लूमधला प्रत्येक शब्द बोटाने झाकून विचार, 'हा इथे कशाला आला?' चांगल्या क्लूमध्ये एकही शब्द रिकामा नसतो. मग त्यांची फोड मला लिहून पाठव. काही अडलं तर रविवारी फोनवर बसू दोघी.

आणि हा एक माझा, खास तुझ्यासाठी:

कबूल झालेला संत नोकरी सोडताना देतो (4)

नुसतं उत्तर पाठवू नकोस. कुठला शब्द कुठून आला, तेही लिही.

तुझी,
आई