यादी खोडून दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

विमान बांधताना मी सुचवलेल्या एकाही बदलाला तुम्ही थेट 'नको' म्हटलं नाहीत. तरीही माझ्या यादीतलं बरंचसं आज विमानात नाही, आणि त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत.

मोठ्या इंजिनाचं वेड तुम्हाला आठवत असेल. तुम्ही पेन्सिल पुढे केलीत आणि म्हणालात, "वजन वाढव, पुढचं गणित तूच कर." एकूण वजन 10 टक्के वाढलं तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) साधारण 5 टक्के वाढतो. तेवढं चाललं असतं. पण उतरल्यावर ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते ती 21 टक्के वाढते, हे कागदावर आलं आणि माझी बोलती बंद झाली. शिवाय नाक जड, म्हणून बॅटरी शेपटीकडे, म्हणून केबल लांब आणि जाड, म्हणजे पुन्हा वजन! एवढं करून कमाल वेगाची मर्यादा होती तिथेच, कारण ती फ्लटर (वेगात पंख-शेपटीला सुटणारी अनावर थरथर) आणि सांगाड्याच्या ताकदीवरून ठरते. (चढाई मात्र झकास झाली असती. तो मोह अजून सुटलेला नाही.)

सगळ्यांत मोठं ऋण फ्युएल व्हॉल्व्हचं, म्हणजे इंधनाची टाकी बदलायच्या चावीचं. कॉकपिटमध्ये इंधनाची नळी नको, म्हणून तो मला सीटमागे न्यायचा होता. तेव्हा तुम्ही 1997 च्या लाँग-ईझी विमानाच्या अपघाताची हकिगत सांगितलीत. त्यात गायक जॉन डेन्व्हर गेले. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात तो व्हॉल्व्ह पायलटच्या दोन पायांमध्ये होता. हे विमान बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. कारण माझंच, कॉकपिटमध्ये इंधन नको. टाकी बदलायला मागे वळताना नकळत उजवा रडर (विमानाचं नाक वळवणारं पेडल) दाबला गेला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. बांधणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत. मग मला सीटवर बसवून पट्टे आवळलेत, डोळे मिटायला लावलेत आणि म्हणालात, "आता टाकी बदल." हात पोहोचेना. व्हॉल्व्ह नकाशात होता तिथेच बसला.

शेपटीजवळ तपासणीसाठी झाकण करायची कल्पना मात्र तुम्ही उचलून धरलीत. पत्र्याला भोक पाडलं की तिथून जाणारा भार वाट बदलतो. म्हणून भोवती डबलर (मजबुतीसाठी लावायचा जादा पत्रा) कसा आणि रिव्हेट किती, हे मूळ डिझायनरला विचारल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही, असंही बजावलंत. विचारलं. उत्तराबरोबर स्केचही आलं. झाकण आता बसलं आहे.

पुढचं काम रंगाचं. शेपटीवरचा एलेव्हेटर आणि पंखांवरचे आयलेरॉन (विमान वळवणारे हलते भाग) रंगवून झाले की त्यांचा बॅलन्स पुन्हा तपासायचा, हे लक्षात आहे. नंतर विमान तोलायच्या दिवशी तुम्ही यायलाच हवं. आकडेमोड मी करून ठेवतो. तुम्ही फक्त लाल पेन आणा.

आपला,
शिकाऊ विमानबांध्या