केपचा वळसा आणि विम्यातले कलम

महोदय,

लाल समुद्रातील हल्ल्यांची चर्चा निघाली की ‘निर्यातीच्या मालाला विमा असतोच’ असे हमखास कोणीतरी म्हणते. द्राक्षांसारख्या नाशवंत मालापुरते हे बहुतांशी खोटे आहे.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवले आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या कंटेनर कंपन्या लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी टाळून आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या. सुटे भाग वेळेत न आल्याने टेस्लाला बर्लिनजवळच्या कारखान्यातले बहुतेक उत्पादन २९ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ या काळात थांबवावे लागले. इजिप्तचे सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मधील सुमारे सव्वादहा अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी चार अब्जांच्या आसपास आले.

कारखाना भाग येईपर्यंत बंद ठेवता येतो, द्राक्षे थांबत नाहीत. मुंबईहून लंडन सुएझमार्गे साधारण ६,२०० सागरी मैल, तर केपमार्गे १०,७०० च्या घरात. १५ नॉट (ताशी १५ सागरी मैल) वेगाने हा फरकच साडेबारा दिवसांचा. पेटीतल्या ग्रेप गार्डमधला, म्हणजे द्राक्षांना बुरशीपासून वाचवणाऱ्या पॅडमधला, सल्फर डायऑक्साइड वायू पहिल्या एकदोन दिवसांत जोरात सुटतो, नंतर हळूहळू. प्रवास लांबला की शेवटच्या आठवड्यात तो अपुरा पडतो आणि बुरशी शिरते. वाटेत तापमान वरखाली होऊन पेटीत पाणी सुटले, तर उलटे होते. वायू एकदम निघतो आणि मण्यांवर पांढरे डाग पडतात. देठ वाळणे आणि मणीगळ वेगळीच. त्यामुळे लांबच्या प्रवासाचा पॅड वापरणे, काढणीनंतर काही तासांतच प्रीकूलिंग करणे (माल झटपट थंड करणे) आणि प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदणारा लॉगर ठेवणे, यात काटकसर करू नये.

आता विमा. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (ए) या मालविम्याच्या प्रमाणित अटींमधील ४.५ हे कलम उशिरामुळे झालेले नुकसान वगळते. उशीर विमा उतरवलेल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. युद्धजोखमीचा जादा हप्ता भरल्याने हे बदलत नाही. अनेक पॉलिसींत शीतयंत्र सलग २४ तास बंद पडल्यास भरपाई असते, पण यंत्र ठणठणीत असताना माल केवळ शिळा झाला तर काहीच नाही. जहाज कंपनीनेही बिल ऑफ लेडिंगमध्ये (माल जहाजावर घेतल्याच्या पावतीत) हव्या त्या मार्गाने जाण्याची मुभा स्वतःला घेतलेली असते. तरी उघड दिसणारे नुकसान माल ताब्यात घेतानाच आणि वरवर न दिसणारे ताबा आल्यापासून तीन दिवसांत कंपनीला लेखी कळवावे आणि दावा वर्षाच्या आत लावावा.

सौदा सीआयएफ, म्हणजे किमतीतच विमा आणि भाडे धरलेला, असेल तर वाढीव भाडे निर्यातदाराच्याच डोक्यावर बसते. अधिभार कोणी सोसायचा आणि माल कितव्या दिवसापर्यंत विक्रीयोग्य धरायचा, हे करारातच लिहून घ्यायला हवे. ईसीजीसी या निर्यात-पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीच्या नेहमीच्या पॉलिसीत राजकीय जोखमींखाली एक मुद्दा असतो, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही: भारताबाहेर प्रवास खंडित झाला किंवा वळवला गेला आणि त्यामुळे भरलेले जादा भाडे वा विमाखर्च खरेदीदाराकडून वसूल झाला नाही, तर तो खर्च. मात्र जहाज आधीच केपमार्गे बुक केले असेल, तर ‘वळवले’ म्हणणे कठीण. म्हणून बुकिंगच्या वेळी जाहीर झालेला मार्ग लेखी घेऊन जपून ठेवावा.

– एक वाचक, नाशिक